बाई होती, पण डब्यात कुणीच तिला पाहिलं नाही : ‘द लेडी व्हॅनिशेस’ची भीती नेमकी कशाची?

(आपल्या ऑडिओ भागाची ही लिखित आवृत्ती. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? पण आज एक कान मोकळा ठेवा. का ते शेवटी कळेल.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले आणि प्रश्न साधारण एकच होता. ज्या सिनेमातला हिरो पोलीस नसतो, कमांडो नसतो, बिचारा सुट्टीवर परदेशात आलेला असतो आणि भलत्याच भानगडीत सापडतो, असे थ्रिलर आपल्याला एवढे का धरून ठेवतात? जेम्स बाँडच्या मागे वीस गुंड लागले तरी आपण निवांत पॉपकॉर्न खातो. पण एखाद्या टुरिस्टाची बायको हॉटेलच्या खोलीतून गायब झाली की आपला हात तोंडाशी येता येता थांबतो. असं का?

उत्तर शोधायला मी आज एकच सिनेमा घेतलाय. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’. साल 1938. कृष्णधवल, दीड तासापेक्षा थोडा मोठा. आधीच सांगून ठेवतो, शेवटासकट सगळं फोडणार आहे. बघायचा असेल तर इथे पॉज करा, बघून या, मी इथेच आहे.

गोष्ट काय आहे?

बँड्रिका नावाचा मध्य युरोपातला एक देश. नकाशात शोधू नका, तो काल्पनिक आहे. बर्फ कोसळून रेल्वे बंद पडलीये आणि गावातल्या एकुलत्या एका हॉटेलात प्रवासी अडकलेत. त्यात आयरिस नावाची एक श्रीमंत इंग्रज तरुणी आहे. मैत्रिणींबरोबर शेवटची मजा करून ती लंडनला परत चाललीये, लग्न करायला. गिल्बर्ट नावाचा एक तरुण आहे. तो लोकसंगीत गोळा करतो आणि आयरिसच्या डोक्यावरच्या खोलीत लोकांना नाचवून तिची झोप उडवतो. आणि मिस फ्रॉय नावाची एक म्हातारी गव्हर्नेस आहे, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई. सहा वर्षं या देशात काढून ती आता घरी निघालीये. बोलघेवडी आणि प्रेमळ. कुठल्याही लांबच्या प्रवासात भेटते आणि पाच मिनिटांत तुमच्या हातावर चिवडा ठेवते, तशातली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर वरून एक कुंडी पडते. ती असते मिस फ्रॉयसाठी, पण लागते आयरिसच्या डोक्यात. मिस फ्रॉय तिला सांभाळून गाडीत बसवते. दोघी डायनिंग कारमध्ये चहा प्यायला जातात. मिस फ्रॉय वेटरला आपल्याजवळचं खास चहाचं पाकीट देते, कारण तिला तोच चहा लागतो. मग ती नाव सांगते, पण नेमकी तेव्हाच गाडीची शिट्टी वाजते. आयरिसला ऐकू येतं ‘फ्रॉइड’. म्हातारी हसते आणि वाफ धरलेल्या खिडकीच्या काचेवर बोटाने स्वतःचं नाव लिहून दाखवते.

दोघी जागेवर परत येतात. आयरिसचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा समोरची सीट रिकामी असते. आणि डब्यातले सगळे म्हणतात, “कोण इंग्रज बाई? इथे कुणीच नव्हतं.”

आपण काय पाहिलंय?

आता गंमत बघा. साध्या रहस्यकथेत आपल्याला काहीच माहीत नसतं आणि लेखक शेवटी पत्ते उघडतो. हिचकॉकचं गणित वेगळं. त्याने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं बॉम्बचं उदाहरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर प्रेक्षक ती सगळी मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो.

इथे बॉम्बच्या जागी मिस फ्रॉय आहे. आपण तिला पाहिलंय. तिचं बोलणं ऐकलंय, तिचं बोट काचेवर फिरताना पाहिलंय. त्यामुळे डब्यातली माणसं आयरिसला खोटं पाडतात तेव्हा ती आपल्यालाही खोटं पाडत असतात. त्या गाडीत आयरिसच्या बाजूने साक्ष देऊ शकेल असा एकच माणूस आहे, प्रेक्षक. आणि त्याला पडद्यात शिरता येत नाही! माझ्या मते हातातलं पॉपकॉर्न थांबतं ते इथे.

मग येतात डॉक्टर हार्ट्झ. मेंदूचे सर्जन, चांगला सूट, अगदी मऊ आवाज. ते समजावतात की डोक्याला मार लागला की असे भास होतात, काळजी करू नकोस, थोडी विश्रांती घे. रागावत नाहीत, धमकावत नाहीत. म्हणून जास्त भीती वाटते. हल्ली आपण ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द सर्रास वापरतो. तो ज्यावरून आला ते पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटकही 1938 मध्येच आलं. एकाच वर्षी दोन गोष्टींमध्ये एका शहाण्या बाईला ‘तुझंच डोकं ठिकाणावर नाही’ असं पटवलं जात होतं.

खोटं कोण बोललं?

या सिनेमाचा जीव या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डब्यातले काही जण कटातलेच आहेत. एक उमराव बाई, एक जादूगार, स्वतः डॉक्टर. ते खोटं बोलणारच, ते त्यांचं काम आहे. पण तेवढ्यावर कट तगला नसता, कारण गाडीत इतर इंग्रज प्रवासी होते. त्यांनी मिस फ्रॉयला डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी काय केलं?

पहिली जोडी चार्टर्स आणि कॅल्डिकॉट. क्रिकेटवेडे. यांना मँचेस्टरची टेस्ट मॅच संपायच्या आत इंग्लंड गाठायचंय. चहाच्या वेळी चार्टर्स साखरेचे खडे टेबलावर मांडून एक वादग्रस्त विकेट समजावत होता, तेव्हा मिस फ्रॉयने त्याच्याकडे साखर मागितली होती. म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. पण बाई हरवली असं ठरलं तर गाडी थांबणार, गाडी थांबली तर मॅच चुकणार. म्हणून हे म्हणतात, आम्ही क्रिकेटवर बोलत होतो, आमचं लक्ष नव्हतं.

दुसरी जोडी टॉडहंटर आणि त्याची ‘बायको’. ती त्याची बायको नाहीये. हा वकील आहे, न्यायाधीश व्हायची स्वप्नं बघतोय आणि दुसऱ्याच्या बायकोबरोबर चोरून फिरायला आलाय. साक्ष दिली तर चौकशी होणार, नाव पेपरात येणार. म्हणून तो सरळ म्हणतो, मी कुणालाही पाहिलं नाही. त्याच्याबरोबरची बाई आधी खरं सांगते. तेही चांगुलपणातून नाही. बोभाटा झाला तर याला आपल्याशी लग्न करावंच लागेल, असा तिचा हिशोब असतो. हिशोब जमत नाही म्हटल्यावर तीही फिरते. तोवर मिस फ्रॉयसारखेच कपडे घातलेली एक भलतीच बाई डब्यात आणून बसवलेली असते. ही म्हणते, हो हो, हीच ती.

बघा, यातला एकही माणूस दुष्ट नाही. एकाला मॅच बघायचीये, एकाला अब्रू सांभाळायचीये, एकीला लग्न हवंय. कुणालाही म्हातारीचं वाईट व्हावं असं वाटत नाही. पण या छोट्या छोट्या सोयींची बेरीज केली की एक जिवंत बाई पुसली जाते. कट रचणाऱ्यांना यांच्याकडून काही मदतही मागावी लागली नाही.

आणि हे परदेशातच का घडतं? कारण आपल्या गावात आपल्याला ओळखणारं कुणीतरी असतं. दूधवाला, शेजारच्या काकू, बसस्टॉपवरचा पानवाला. तुम्ही आहात, याला रोज साक्ष मिळत असते. परक्या देशात ती सगळी जाते. तिथे तुम्ही म्हणजे एक पासपोर्ट आणि दोन-चार सहप्रवाशांची आठवण. त्यांनी मान हलवली की तुम्ही नव्हताच.

एक बस, एक रिकामी सीट

हे मला एवढं का लागतं ते सांगतो. बरी गोष्ट नाहीये.

काही वर्षांपूर्वी मी रात्रीच्या खासगी बसने पुण्याला येत होतो. सकाळी नऊला इंटरव्ह्यू. मध्यरात्रीनंतर बस एका ढाब्यावर थांबली. माझ्या पुढच्या सीटवर एक आजी एकट्याच होत्या. खाली उतरताना त्यांनी मला विचारलं होतं, “बाळा, गाडी किती वेळ थांबणारे रे?” मी म्हणालो, दहा-पंधरा मिनिटं.

थोड्या वेळाने क्लीनर आत आला आणि ओरडला, “आपापल्या शेजारचे आले का बघा! निघायचं का?” मागून दोघं-तिघं म्हणाले, हो हो, चला. मला पुढची सीट रिकामी दिसत होती. शाल होती, पिशवी होती, आजी नव्हत्या. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आधीच चाळीस मिनिटं उशीर झालाय. कदाचित पुढे जाऊन बसल्या असतील. कुणीतरी बोलेलच. मी गाण्याचा आवाज वाढवला. बस निघाली.

दहाएक मिनिटांनी त्या पिशवीतला फोन वाजायला लागला. वाजत राहिला. तेव्हा कुठे पलीकडच्या एका ताईंनी दिवा लावला आणि बस थांबवली. आम्ही परत गेलो तेव्हा आजी ढाब्याच्या बाहेर ट्यूबलाइटखाली उभ्या होत्या. पैसे, फोन, सगळं बसमध्ये. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. सीटवर बसताना मला एवढंच म्हणाल्या, “पंधरा मिनिटं म्हणाला होतास ना.” 

पुढे काही वर्षांनी हा सिनेमा पाहिला. लोक चार्टर्स-कॅल्डिकॉटवर हसतात आणि ते आहेतच भारी. मलाही हसू येतं. पण साखरेच्या खड्यांचा तो सीन आला की मला ती शाल दिसते.

काचेवरचं नाव

परत गाडीत येऊ. सगळं जग ‘नाही’ म्हणत असताना ‘होय’ म्हणायला काय लागतं? सिनेमा म्हणतो, एक बारीकसा पुरावा आणि एक सोबती.

आयरिस गिल्बर्टबरोबर पुन्हा त्याच टेबलावर बसते आणि तिला काचेवर ‘फ्रॉय’ ही अक्षरं दिसतात. ती त्याला दाखवणार एवढ्यात गाडी बोगद्यात शिरते. बाहेर पडते तेव्हा अक्षरं गेलेली असतात. आपण खुर्चीत हळहळतो. मग आयरिस साखळी ओढून गाडी थांबवते आणि बेशुद्ध पडते. झालं, आता तर सगळ्यांना ती वेडीच वाटते.

गिल्बर्टचा विश्वास बसतो तो कचऱ्यामुळे! स्वयंपाकघरातून कुणीतरी कचरा बाहेर फेकतो आणि चहाच्या त्या खास पाकिटाचा कागद उडत येऊन क्षणभर त्याच्यासमोरच्या काचेला चिकटतो. आयरिसने या चहाचं नाव त्याला सांगितलेलं असतं. पुढचा धागा दिसतो तो एका ननच्या पायात. डॉक्टरांनी वाटेत गाडीत चढवलेला एक पेशंट आहे, डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. त्याच्याशेजारी बसलेल्या ननच्या पायात उंच टाचांचे बूट आहेत. पट्ट्यांच्या आत कोण असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

हा सगळा पसारा लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या एका लहानशा स्टुडिओत उभा केला होता. हिचकॉकच्याच सांगण्यानुसार सेट होता जेमतेम 90 फुटांचा, त्यात एकच खरा डबा. बाकी पडद्यावर मागून दाखवलेली दृश्यं आणि छोटी मॉडेल्स. ही अडचण सिनेमाच्या पथ्यावर पडली. अरुंद कॉरिडॉर, चिकटून बसलेली माणसं आणि तरीही एक बाई सापडत नाही.

पांढरा रुमाल

शेवटाकडे शत्रू तो डबा गाडीपासून तोडून दुसऱ्याच रुळावर नेतात. जंगलात सैनिक घेरतात. आता डब्यातल्या इंग्रजांना कळतं की म्हातारी खरंच होती आणि ती साधीसुधी गव्हर्नेस नसून ब्रिटिश गुप्तहेर आहे. एका गुप्त कराराचं कलम एका गाण्याच्या चालीत लपवलंय आणि ती चाल तिच्या डोक्यात आहे. ती चाल गिल्बर्टला शिकवते आणि खिडकीतून उतरून जंगलात पळते.

टॉडहंटरचं म्हणणं, आपण शरण जाऊ, आपण सभ्य माणसं, आपल्याला कोण काय करणार? तो पांढरा रुमाल हलवत खाली उतरतो. त्याला गोळी घालतात. आणि इतका वेळ मॅचशिवाय काही न सुचणारे चार्टर्स-कॅल्डिकॉट तेव्हा पिस्तूल हातात घेतात.

हा सिनेमा लंडनमध्ये लागला ऑक्टोबर 1938 मध्ये. त्याआधी काही दिवसांपूर्वी, 30 सप्टेंबरला, म्युनिक करार झाला होता. ब्रिटन आणि फ्रान्सने हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा भाग घेऊ दिला. त्या चर्चेत चेकोस्लोव्हाकियाला बसायलाही दिलं नव्हतं. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवर हे दूरच्या देशातलं, आपल्याला माहीत नसलेल्या लोकांचं भांडण आहे अशा अर्थाचं बोलून दाखवलं होतं. पटकथा त्याच्या आधीच लिहून झाली होती, त्यामुळे हा सिनेमा म्युनिकवरचं भाष्य म्हणून बनलेला नाही. पण थिएटरात बसलेल्या माणसाला तो पांढरा रुमाल बघताना काय वाटलं असेल? आपणही ‘आम्ही काही पाहिलं नाही’ म्हणून घरी आलोय, हे कुणाच्या तरी मनात आलंच असणार. मार्च 1939 मध्ये जर्मन फौजा प्राग शहरात शिरल्या.

क्रिकेटवाल्यांसाठी अजून एक. सिनेमात हे दोघं लंडनला पोचतात आणि बघतात तर काय, पावसामुळे मॅच रद्द! 1938 च्या जुलैमध्ये मँचेस्टरची खरीखुरी ॲशेस कसोटी पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाली. ज्या मॅचसाठी खोटं बोललो ती झालीच नाही.

बाकीचे सिनेमे या चष्म्यातून बघा

ही कल्पना हिचकॉकची नव्हे. सिनेमा एथेल लिना व्हाइट यांच्या ‘द व्हील स्पिन्स’ या 1936 च्या कादंबरीवर आहे आणि गंमत म्हणजे कादंबरीतली मिस फ्रॉय हेर नाहीच, ती खरोखर साधी बाई आहे. त्याच्याही मागे एक जुनी दंतकथा आहे. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मायलेकी येतात. आई हॉटेलात आजारी पडते, मुलगी औषध आणायला जाते. परत येते तर हॉटेलवाले म्हणतात, तुम्ही एकट्याच आला होतात. आईला प्लेग झालेला असतो आणि प्रदर्शनाची गर्दी पळू नये म्हणून सगळे गप्प राहतात. 1950 चा ‘सो लाँग ॲट द फेअर’ याच मुशीतला, तिथे भाऊ गायब होतो आणि त्याची खोलीसुद्धा.

हिचकॉकचाच 1956 चा ‘द मॅन हू न्यू टू मच’ बघा. मोरोक्कोत फिरायला आलेल्या अमेरिकन डॉक्टरचा मुलगा पळवला जातो, आणि पळवतं कोण? ओळख झालेलं सभ्य, गोड इंग्रज जोडपं. किंवा रोमन पोलान्स्कीचा 1988 चा ‘फ्रँटिक’. पॅरिसमध्ये हॅरिसन फोर्ड आंघोळीला जातो आणि तेवढ्यात बायको गायब. पोलीस आणि दूतावास दोघांचाही सूर तोच, गेली असेल कुणाबरोबर तरी. प्रत्येक ठिकाणी गुंडांपेक्षा जास्त छळतो तो ‘नाही’ म्हणणारा काउंटरवरचा माणूस.

एक तक्रार मात्र करायलाच हवी. हे सिनेमे परक्या देशाला भुताचा वाडा करून टाकतात. बँड्रिकातल्या बहुतेक माणसांवर संशय आणि शेवटी शौर्य इंग्रजांचं. मोरोक्को तर बराचसा मागचा देखावाच. हे खटकतं, खटकायलाच हवं. तरी ‘द लेडी व्हॅनिशेस’ला मी थोडे जास्त मार्क देतो, कारण त्यात मिस फ्रॉयला सगळ्यात आधी सोडून देतात ते तिच्याच देशाचे, तिचीच भाषा बोलणारे लोक.

शेवट गोड आहे. गिल्बर्ट आयरिसच्या प्रेमात इतका बुडतो की लंडनच्या सरकारी कचेरीत पोचेपर्यंत ती चालच विसरतो. तेवढ्यात आतून पियानोवर तीच चाल ऐकू येते. मिस फ्रॉय आधीच पोचलेली असते.

माझ्या त्या आजीही घरी पोचल्या. माझ्यामुळे नाही, दिवा लावणाऱ्या ताईंमुळे. तेव्हापासून बस सुटताना मी एक कान मोकळा ठेवतो आणि पुढची सीट बघतो. रिकामी असेल तर ओरडतो. एकदा तर ती सीट बुकच नव्हती, सगळी बस माझ्याकडे बघून हसली. हसू देत.

तर आता तुम्ही सांगा, असा एखादा क्षण तुमच्या प्रवासात आला होता का? बोललात की गप्प बसलात? व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात ऐकवेन. भेटू लवकरच. काळजी घ्या, आणि शेजारचा आलाय का तेवढं बघा.